भिंगरीची लांबत चाललेली रांग

८ जानेवारी

नोंदणी झाली. शिक्का बसला, खाली माझी सही झाली, आणि आमचा महिला फुटबॉल क्लब एकदाचा कागदावर आला. आता हसा म्हणावं. गेलं वर्षभर अख्खी गल्ली दात काढत होती, त्यात दातांच्या डॉक्टरीणबाईही होत्या. त्याच आता आमच्या अध्यक्ष आहेत आणि गोलकीपरही. वय त्रेचाळीस. चेंडू आला की डोळे मिटतात. मी टोकलं तर म्हणाल्या, "ताई, समोरून काहीतरी जोरात येतंय म्हटल्यावर माणूस डोळे मिटणारच. माझे पेशंट नाही का मिटत?"

मी चिटणीस. म्हणजे कागद माझ्याकडे, कपडे माझ्याकडे आणि शेवटचा शब्दही माझा. कार्यालय माझ्या शिवणाच्या दुकानात, इस्त्रीच्या टेबलापलीकडे. शिकवायला कंडक्टरबाई. यांनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, पण त्याआधी गुडघा जाईपर्यंत फुटबॉल खेळल्या होत्या. भाषा मात्र बसचीच राहिली. "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये मोकळं आहे!" म्हणून ओरडतात, आणि बघावं तर मध्ये खरंच मोकळं असतं.

आणि भिंगरी. माझी भाची, वय एकोणीस. बहीण गेली तेव्हा ही सात वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडे. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ, म्हणून भिंगरी. क्लब मी काही तिच्यासाठी काढलेला नाही. ती आपली आहे म्हणून आहे.

१२ जानेवारी

काल सभासदांची पहिली सभा बेकरीत झाली, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागाच नाही. त्र्याऐंशी घरं सभासद झाली. घरांनी वार वाटून घेतले. सोमवारवाले साबणाच्या बंद कारखान्यामागचं मैदान झाडणार, बुधवारवाले चुन्याच्या रेषा मारणार, शनिवारवाले कपडे धुणार. बुधवार बेकरीवाल्याच्या वाट्याला आला. त्याने मारलेली मधली रेषा आज पाहिली. साप तिच्यापेक्षा सरळ जातो. बोलले तर म्हणतो कसा, "मावशी, नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. पण इथे अंगण खरंच वाकडं आहे."

नियम मी वाचून दाखवले. मॅचचा निकाल क्लबात कुठेही लिहायचा नाही, कोण काय नवीन शिकली ते लिहायचं. प्रत्येकीला खेळायला सारखाच वेळ. आणि जिला इथलं सगळं यायला लागलं तिला मोठ्या क्लबात पाठवायचं, धरून ठेवायचं नाही. हा शेवटचा खास माझा. टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, याला मन मोठं लागतं हो." मी म्हटलं, आहेच मोठं, टेप आणून माप घ्या.

शिकल्याची नोंद वहीत नाही, चादरीवर. दुकानातल्या भिंतीवर जुनी पांढरी डबल चादर टांगली आहे, तिच्यावर निळ्या दोऱ्याने चौकोन पाडले आहेत. प्रत्येक खेळाडूची एक रांग, रांगेत बारा चौकोन. पास देणं, चेंडू छातीवर घेणं, डोक्याने मारणं वगैरे. जे जमलं त्या चौकोनात बटण लावायचं, जे विसरलं त्याचं बटण उसवायचं. जमलं की नाही ते कंडक्टरबाई सांगणार, सुई माझ्या हातात. बटणांना माझ्याकडे तोटा नाही.

२ फेब्रुवारी

पहिली मॅच. निकाल लिहायचा नाही असा नियम आहे, आणि तो नियम किती शहाणपणाचा होता ते आज कळलं. समोरच्यांनी गोल मोजायला दोन्ही हात काढले आणि एकच बोट शिल्लक राहिलं, एवढंच इथे नोंदवते.

पण सातव्या वेळी डॉक्टरीणबाईंचे डोळे उघडे होते! चेंडू आत गेला, पण त्यांनी तो जाताना पाहिला. सगळी गल्ली जिंकल्यासारखी ओरडली. समोरच्या संघाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दुकानात येऊन डॉक्टरीणबाईंच्या चौकोनात कोटाचं मोठं लाल बटण लावलं.

२६ फेब्रुवारी

भिंगरीची बारा बटणं पूर्ण झाली. बाकीच्यांची अजून तीन-चार. गल्लीतले लोक चादर बघायला येऊन गेले. मी दिवसभर उगाचच त्या भिंतीकडे तोंड करून शिवत होते.

संध्याकाळी कंडक्टरबाई एक फॉर्म घेऊन आल्या. मोठ्या शहरातल्या अकादमीचं निवड शिबिर मे महिन्यात आहे. निवड झाली की दोन वर्षं राहणं, खेळणं, शिकणं सगळं तिथेच. वीस वर्षांच्या आतल्याच मुली घेतात, म्हणजे भिंगरीला हीच शेवटची संधी. ३० एप्रिलपर्यंत फॉर्म पोचला पाहिजे, आणि त्यावर 'खेळाडू तयार आहे' म्हणून क्लबच्या चिटणीसाची सही हवी.

"चिटणीस तुम्हीच," कंडक्टरबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, एप्रिलला अजून दोन महिने आहेत, घाई कसली. आणि खरं सांगायचं तर मुलीचा डावा पाय कच्चा आहे. अर्धवट तयारीची मुलगी पाठवली तर नाव कुणाचं जाईल? क्लबचं. म्हणून तिच्या रांगेला तेरावा चौकोन जोडला: डाव्या पायाने लांबून फटका. चादर संपली होती, म्हणून उशीच्या अभ्र्याचा तुकडा जोडला.

५ मार्च

मला काही तिच्या जाण्याचं नाही. ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल. घर तसंही लहान आहे, एकटीला मोकळं होईल. काल ती सरावाला गेल्यावर तिच्या पलंगाच्या जागी दुसरं शिलाई मशीन बसेल का, म्हणून माप घेतलं. बसतं. पुन्हा घेतलं, पुन्हा बसलं. मग दुपारी जेवण गेलं नाही. हवा बदलते आहे, त्याने पोट बिघडलं असावं.

१३ मार्च

डावा पाय जमला. कारखान्याच्या भिंतीवर जुना टायर टांगलाय, त्यातून वीस पावलांवरून दहापैकी आठ चेंडू आरपार. बटण लावलं. पण विचार केला की नुसत्या फटक्यांनी काय होतं? ही पोर मैदानात तोंड उघडत नाही. पंचाने अन्याय केला तर गप्प. म्हणून चौदावा चौकोन: पंचांशी नम्रपणे वाद घालणं.

भिंगरी म्हणाली, "मावशी, वाद घालायला अन्याय तरी व्हायला हवा ना?"

म्हटलं, होईल, धीर धर. जगात अन्यायाला तोटा नाही.

१८ मार्च

रविवारच्या मॅचला पंच म्हणून बेकरीवाला होता. त्याने भिंगरीला दहा मिनिटांत चारदा विनाकारण अडवलं. एकदा तर ती बुटाची नाडी बांधत होती, तरी शिट्टी. तिने हात जोडून, हसून, चारही वेळा वाद घातला. बटण द्यावंच लागलं. बेकरीवाला एरवी इतका आंधळा नाही. वयाचा परिणाम असेल.

पंधरावा चौकोन: चिखलात खेळणं. उन्हाळा तोंडावर आहे, पाऊस यायला तीन महिने, पण त्याला मी काय करणार? घाईघाईने चिखल होत नसतो.

२४ मार्च

चिखल झाला.

सकाळी मैदानावर जाते तो काय, निम्मी गल्ली बादल्या घेऊन रांगेत. डॉक्टरीणबाई दवाखाना बंद ठेवून आल्या होत्या. गाड्या धुणाऱ्याने लांब पाइप आणला होता. अर्ध्या तासात गुडघाभर राड. भिंगरी त्यात तासभर खेळली आणि इतर मुली तिला अडवायच्या ऐवजी, जा जा, म्हणून ओरडत होत्या. मला भरून आलं. सरावाबद्दल एवढी आस्था मी कुठल्याच क्लबात पाहिली नाही. कपडे शनिवारवाल्यांनी एक अक्षर न बोलता धुतले.

बटण लावायला गेले तर लक्षात आलं की रांग आता खिडकीच्या चौकटीवरून वळून दाराकडे निघाली आहे. माप द्यायला आलेली एक बाई म्हणाली, "काय हो, एवढी लांब? ही मुलगी क्लबात किती वर्षं आहे?"

म्हटलं, तीन महिने.

३ एप्रिल

सकाळी कंडक्टरबाईंनी फॉर्मचं विचारलं, मी म्हटलं, सोळाव्या चौकोनाचं ठरू दे, तीस तारखेला अवकाश आहे. त्यानंतर त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. बचावात खेळणाऱ्या शाळकरी मुलीने चेंडू पायाखाली धरून ठेवला, तर तिच्यावर केवढ्या घसरल्या. "आपला झाला म्हणून काय जन्मभर दाबून ठेवायचा? पुढे द्यायचा असतो तो! तुझ्यापाशी ठेवून काय लोणचं घालणार आहेस त्याचं?" आणि हे सगळं माझ्याकडे बघून. पोर बिचारी रडवेली झाली. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की लहान मुलींशी असं बोलू नये. त्या म्हणाल्या, "टेलरबाई, लेकी बोले सुने लागे ऐकलंय का कधी?"

ऐकलंय की. पण इथे सून कोण?

१० एप्रिल

मी म्हणत होते ते खरं ठरलं! भिंगरीचा डावा पाय गेला. टायर टांगला आहे तिथेच आहे, पण आज दहापैकी एकही चेंडू आत गेला नाही. दोन तर भिंतीवरून पलीकडे. मी कंडक्टरबाईंना म्हटलं, बघा, कच्ची आहे म्हणत होते की नाही? नियम तो नियम, रात्री जेवणाआधी बटण उसवलं.

भिंगरी शेजारीच बसली होती. म्हणाली, "मावशी, बरं झालं ना?"

म्हटलं, बरं कसं? वाईटच झालं. पण आपल्याला वेळेत कळलं, हे बरं.

१६ एप्रिल

आणखी तीन बटणं उसवली. छातीवर चेंडू घेणं, डोक्याने मारणं आणि साधा पास. साधा पास! तो तर डॉक्टरीणबाईंनाही येतो. फॉर्मचं नावही ती आता काढत नाही. उलट कालपासून माझ्याकडे काजं करायला शिकते आहे, म्हणते, "पुढच्या वर्षी दुकानात तुझ्या हाताखाली बसेन." तिने केलेलं काज म्हणजे बटणाला जन्मठेप, एकदा आत गेलं की बाहेर येत नाही. पण दोघी एका दिव्याखाली शिवायला बसतो, रेडिओ चालू असतो. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवते आहे.

२३ एप्रिल

आज धुतलेले कपडे लवकर मैदानावर पोचवावेत म्हणून सकाळी सहालाच गेले. कारखान्याच्या कोपऱ्यावर आले तर धप्, धप् आवाज. वाकून पाहिलं. भिंगरी एकटीच. वीस पावलांवर चेंडू मांडलेले आणि डाव्या पायाने मारते आहे. मी मोजले. अठरा मारले, अठराही टायरमधून.

सात वाजता सगळ्या जमल्या. सराव सुरू झाला. तोच टायर, तोच पाय, दहापैकी शून्य.

सकाळच्या गारव्यात पाय हलका पडत असेल.

२४ एप्रिल

आज पुन्हा सहाला गेले, कपडे नव्हते तरी गेले. वीसपैकी एकोणीस. एक चुकला तर स्वतःवरच चिडून तिने पायाने माती उडवली. सातनंतर पुन्हा शून्य, आणि चेंडू भिंतीवरून गेला की ती हळूच माझ्याकडे बघत होती, मी पाहिलं की नाही ते.

गारव्याचं काही नाही. लिहायला हात धजत नव्हता म्हणून काल तसं लिहिलं.

पोरगी मुद्दाम चुकते आहे. माझ्यासाठी. मी एक चौकोन जोडला की ती एक शिकली, दुसरा जोडला, दुसरं शिकली. शेवटी तिला कळलं की मला पूर्ण रांग नकोच आहे. म्हणून तिने आलेलंच विसरायला घेतलं. आणि मी सुई घेऊन बसले आणि एकेक बटण उसवलं, वर जेवलेही पोटभर.

बेकरीवाला आंधळा नव्हता. चिखलही सरावासाठी नव्हता. सगळ्या गल्लीला दिसत होतं ते मला दिसलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी, आणि लपवलेलं भांडं मला सोडून सगळ्यांना दिसत होतं. मला लाज वाटते आहे. भीतीही वाटते आहे, आणि ती जास्त आहे. ती गेली की सकाळी उठून मी हाक कुणाला मारायची?

२६ एप्रिल

दोन दिवस दुकान बंद ठेवलं. ताप आहे म्हणून सांगितलं. कंडक्टरबाई दाराबाहेरून म्हणाल्या, "ताप तीस तारखेच्या आत उतरेल ना?"

२८ एप्रिल

फॉर्म भरला. वरची माहिती सोपी होती, जन्मतारीख, उंची, खेळण्याची जागा. 'क्लबचे मत' असं होतं तिथे लिहिलं, "तयार आहे. २६ फेब्रुवारीपासून तयार आहे." खाली एक रकाना होता: 'खेळाडूची सर्वांत मोठी उणीव, एका वाक्यात.' तिथे तासभर अडले. डावा पाय लिहून मोकळं होता आलं असतं. मग लिहिलं, "घरातलं एक माणूस दुखावू नये म्हणून ही मुलगी मुद्दाम वाईट खेळते, आणि ते माणूस म्हणजे खाली सही करणारी चिटणीस."

एका वाक्यात बसलं. सही केली.

२९ एप्रिल

भिंगरीने पाकीट बंद करायच्या आधी फॉर्म वाचला. दुकानाच्या दारात उभं राहून वाचला, दोनदा. मला वाटलं, येऊन गळ्यात पडेल.

ती ओरडली. बारा वर्षांत पहिल्यांदा. "दोन महिने! दोन महिने मी राडीत लोळले, बेकरीवाल्या काकांना हात जोडले, साधा पास चुकवून पोरींचं हसू झेललं. आणि तुला एकदा, एकदा तोंडाने म्हणता आलं नाही, जाऊ नकोस म्हणून?"

मी म्हटलं, "म्हटलं असतं तर थांबली असतीस."

"थांबलेच असते!"

"म्हणूनच नाही म्हटलं."

असं बोलले खरी, पण ते खोटं होतं. मी म्हटलं नाही, कारण नियम माझाच होता आणि टाळ्या मी घेतल्या होत्या. तेही मग सांगून टाकलं. सगळ्या गल्लीसमोर, कारण तोवर डॉक्टरीणबाई पेशंटला तोंड उघडं ठेवून बाहेर आल्या होत्या आणि बेकरीवाला पिठाच्या हातांनी उभा होता. भिंगरी म्हणाली, "मग आता तरी म्हण, काय ते."

मी म्हटलं, "मला तू जायला नको आहेस. आणि जा."

तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि कंडक्टरबाईंच्या घराकडे निघून गेली. उद्या पहिल्या बसने त्या स्वतः नेऊन देणार आहेत.

१२ मे

शिबिरासाठी गेली आज. तेरा दिवसांत कामापुरतंच बोलली. मीठ दे, किल्ली कुठे आहे, एवढंच. राग धरायला तिला कुणी शिकवलं कोण जाणे, पण शिकली चांगला. स्टँडवर सगळा क्लब आला होता. कंडक्टरबाईंनी ड्रायव्हरला ओळख दाखवून खिडकीची जागा मिळवून दिली. मी पिशवी वर दिली. ती म्हणाली, "येते." मी म्हटलं, "ये." बस गेली.

घरी येऊन तिची रांग पाहिली. उसवलेली चारही बटणं बसवून टाकली. कुणाला सांगितलं नाही.

१९ मे

सकाळी एका बाईंच्या खांद्याचं माप घेत होते, टेप त्यांच्या पाठीवर, टाचण्या माझ्या तोंडात, आणि फोन वाजला. भिंगरी. सात दिवसांनी पहिल्यांदा. ना कशी आहेस, ना काही. "मावशी, मोज्यांची दुसरी जोडी कुठे ठेवलीस?"

टाचण्या काढून म्हटलं, "निळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात. नीट बघावं माणसाने. आणि परत यायला दोन दिवस राहिलेत, आता कशाला हवी?"

"परत येत नाहीये. दोन वर्षं इथेच." आणि मग, "निवड झाली."

मला बोलायचं होतं बरंच. बाई पाठमोऱ्या हात पसरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अहो, टेप सोडा ना, खांदा दुखतोय." मी टेप सोडला नाही.

भिंगरीने विचारलं, "मावशी? ऐकतेयस ना? काय करतेयस?"

"रडतेय," मी म्हटलं.

अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "माझ्यामुळे?"

"मग काय डॉक्टरीणबाईंमुळे? तुझ्यामुळेच. आणि अजून बराच वेळ रडणार आहे. तू फोन ठेव आणि सरावाला जा."

"जाते. तुझं थोडं होऊ दे आधी," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला नाही.